माप शहराचं, नाव गावाचं

तुमच्या दारापुढचा सिमेंटचा रस्ता किती इंच जाड आहे? अंदाज नको, आकडा सांगा. नाही ना येत सांगता? त्यावरून रोज चालता, गाडी नेता, तुमची मुलं त्यावर गुडघे फोडून घेतात, तरी माहीत नाही. मलाही माहीत नव्हतं. आमच्या कोसमटोल्यात ते एकाच माणसाला माहीत होतं. सकाळी साडेसहाला काका रस्त्याच्या कडेला उकिडवे बसलेले असायचे. चष्मा कपाळावर, हातात स्टीलची पट्टी, आणि पट्टी रस्त्याच्या कापलेल्या बाजूला टेकवलेली. कुणी "काका, जय भीम" म्हटलं, की वर न बघता डावा हात उंच करायचे. म्हणजे थांब, आकडा विसरेन.

कोसमटोला हिंदी मुलखातल्या आमच्या शहराच्या कडेला, अधारताल वस्तीच्या पुढे आहे. आधी गाव होतं, मग शहराच्या हद्दीत घेतलं गेलं. काकांनी फॅक्टरीत चौतीस वर्षं नोकरी केली, ती सगळी माप तपासायच्या खात्यात. हातात गेज घ्यायचं, पुर्जा बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. तिसरा शब्द त्यांच्या कामात नव्हता आणि हळूहळू घरातही उरला नाही. काकू सांगायच्या, "भाजी कशी झाली विचारलं तर म्हणतात पास. चव विचारून राहिली मी, पास-नापास नाही."

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती पत्रकामुळे. आमच्या घरी वर्तमानपत्राआधी चळवळीची पत्रकं यायची. अक्षरंही मी पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर गिरवली. त्यामुळे गावात नवा रस्ता पातळ होतोय अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा पत्रक लिहायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मी हिंदीत एक पानभर आग ओतली आणि काकांना वाचायला दिली. ते पेन्सिल घेऊन बसले.

"हे 'घोर अन्याय' लिहिलं. घोर म्हणजे किती?"

"काका, म्हणजे फार मोठा."

"फार मोठा म्हणजे किती? मोजलं काय?"

घोर गेलं. निर्लज्ज गेलं. 'खुली लूट'वर पेन्सिल बराच वेळ थांबली. "लूट झाली का, ते अजून आपल्याला माहीत नाही. रस्ता पातळ आहे, एवढंच माहीत आहे. तेवढंच लिही." शेवटी माझ्या पानभर आगीतून चार ओळी वाचल्या, आणि खाली त्यांनी स्वतःची एक ओळ घातली: माप शहर का, नाम गाँव का.

आमचं सगळं भांडण त्या एका ओळीत होतं. आम्हाला शहरात घेतलंय ना, मग रस्ता, नाली, दिवे शहराच्या मापाचे द्या. आणि नाव मात्र आमचं राहू द्या. झालं होतं नेमकं उलटं. रस्ता "गावाला चालतं" म्हणून पातळ टाकला जात होता, आणि विकासाच्या नव्या नकाशावर कोसमटोला हे नावच नव्हतं. शेजारी उभ्या राहिलेल्या एका कॉलनीचं नाव आणि त्यापुढे 'विस्तार' असं छापलं होतं. चारशे घरांचं जुनं गाव हा कालच्या कॉलनीचा विस्तार!

ठेकेदाराचा माणूस काकांना हसून म्हणाला होता, "अंकल, गाँव का रोड है. इतना चलता है."

"अच्छा? गाँव के लिए सीमेंट अलग आता है क्या?"

एवढं बोलून काका थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटीवर मागे बसून ते शहरातल्या विजय नगरला आले. तिथे पाइपासाठी एक रस्ता फोडला होता. काका भर बाजारात त्या खड्ड्याशी उकिडवे बसले. समोरचा दुकानदार धावत आला, "क्या गिर गया, चाचाजी?"

"कुछ नहीं गिरा. आपका रोड आठ इंच है. बधाई हो."

परतताना ते माझ्या पाठीमागून ओरडून सांगत होते, "आठ! पाहिलं ना? सरकारी कागदात आपल्यालाही आठच लिहिलं आहे. मग आपल्याला काहून पाच?"

गावात सगळेच त्यांच्या बाजूचे होते असं समजू नका. हातपंपाजवळच्या बैठकीत एकाने सरळ टोमणा मारला, "आप तो नागपुर तरफ के मराठी लोग. गाँव हमारे पुरखों का, नाम की चिंता आपको क्यों?" माझ्या तोंडात चांगलं दोन पानांचं उत्तर तयार होतं. काका शांतपणे म्हणाले, "भैया, मेरे बाप का गाँव भंडारा जिले में है. मेरे बच्चों का गाँव पूछो तो वो कोसमटोला बोलते हैं. अब वो क्या बोलें? विस्तार?" टोमणा मारणाराच आधी हसला आणि सरकून त्याने काकांना चटईवर जागा दिली.

आता फॅक्टरीतली एक सवय सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. नापास पुर्ज्याला तिथे लाल रंग लावायचे, म्हणजे तो चुकून चांगल्यात मिसळू नये. काकांनी तेच रस्त्याला केलं. जिथे मोजलं आणि कमी भरलं, तिथे कडेवर गेरूचा ठसठशीत ठिपका. वहीत त्याचा नंबर. असे बावीस ठिपके झाले. आठवड्याभरात त्यातल्या तीन ठिपक्यांवर झेंडूची फुलं दिसू लागली, एकावर अगरबत्तीसुद्धा.

काकांचा संताप बघण्यासारखा होता. "अरे, तो रिजेक्ट माल आहे! त्याच्या पाया काहून पडून राहिले?" आयुष्यभर त्यांनी दगडाला शेंदूर लावणाऱ्यांशी वाद घातला होता, आणि आता त्यांच्याच हातून गावात तीन नवे देव झाले होते.

इंजिनियर साहेब तपासणीला येणार असं कळलं. आदल्या दिवशी ठेकेदाराने घाईघाईने रस्त्याच्या दोन्ही कडांना मुरूम भरून टाकला. कडा झाकल्या, माप बंद. सकाळी आम्ही पाहिलं तर बावीसपैकी एकोणीस ठिपके गाडले गेले होते. फक्त फुलं वाहिलेले तीन उघडे होते. मजुरांनी देवाच्या अंगावर फावडं चालवलं नव्हतं.

समोरच्या घरातली बडी अम्मा दारात बसून सुपारी कातरत होती. ही गावातली सगळ्यांत म्हातारी बाई. काकांनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "ऐसे का देख रहे हो, बाबूजी? हम का पागल हैं? फूल धर दिए, अब कौन डालेगा मिट्टी?"

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग माझ्या कानाशी पुटपुटले, "अंधश्रद्धा नाही ही. हे तर प्लॅनिंग आहे."

आणि इथे माझी चूक सांगायला हवी. काकांनी मंजूर केलेल्या चार ओळी छापायला देताना मला त्या फिक्या वाटल्या होत्या. हातपंपाजवळ एका ठिकाणी, जिथे ओतकाम संपत होतं, तिथे रस्ता तीन इंच भरला होता. मी काकांना न विचारता लिहून टाकलं: पूरी सड़क तीन इंच. पत्रक गावभर वाटलं गेलं, आणि साहेबांच्या हातातही तेच होतं.

साहेबांनी पहिल्या ठिपक्यावरची फुलं बाजूला केली आणि टेप लावली. साडेपाच. दुसऱ्यावर पाच. तिसऱ्यावर सहा. त्यांनी पत्रक उघडलं. "तीन कहाँ है? झूठ छापकर भीड़ जमा करते हो?" ठेकेदाराचा माणूस मोकळेपणाने हसला. जमलेली माणसं मागे सरकायला लागली. महिनाभराचं काम माझ्या एका आकड्यानं बुडत होतं.

काका पुढे झाले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. साहेबांच्या हातातून त्यांनी पत्रक घेतलं, खिशातली लाल पेन्सिल काढली आणि पानभर आडवी रेघ मारली.

"पर्चा गलत है, साहब. हमारा है, फिर भी गलत है. रिजेक्ट. अब ये देखिए." त्यांनी वही पुढे केली. "बाईस जगह नापा है. हर जगह का नंबर है. मिट्टी हटवाइए. एक भी आँकड़ा गलत निकला तो ये भी फाड़ दूँगा."

साहेबांनी त्यांना विचारलं, "आप करते क्या थे?"

"नापते थे."

मुरूम काढला गेला. चार, नऊ, सतरा, कुठलाही नंबर घ्या, वही आणि टेप एकच बोलत होती. दुपारपर्यंत ठेकेदाराचा माणूस हसायचा थांबला होता. पुढच्या महिन्यात रस्ता फोडून पुन्हा टाकला गेला, आणि तो आठ इंच आहे. मी स्वतः मोजलाय.

तपासणीच्या दिवशी संध्याकाळी मी तोंड लपवून घरात बसले होते. काका दारात आले. "चहा ठेव. रागावून राहिली काय?"

"तुम्ही रागवायला हवं, काका."

"रागावलोच आहे. पण साखर घाल." मग कप हातात घेऊन म्हणाले, "तीन काहून लिहिलं, बेटा?"

"लोकांना राग यावा म्हणून."

"आठाच्या जागी पाच, यानं येत नाही काय राग? खऱ्याचा जेवढा येते तेवढाच आण. तो टिकते."

त्या दिवसापासून मी काय लिहिते याची मला भीती वाटते, आणि ती वाटायला हवी. राग माझा गेलेला नाही. तो आता मोजून वापरते.

रस्ता झाला. नावाचं काम राहिलं. काकांनी नकाशावर आक्षेपाचा अर्ज दिला: या जागेचं नाव कोसमटोला आहे, तेच लिहावं. त्यासोबत त्यांनी जोडलेले कागद बघायला हवेत. शाळेचे जुने दाखले, राशन कार्डं, लग्नपत्रिका, बडी अम्माच्या नवऱ्याचं पिवळं पडलेलं पोस्टकार्ड. जिथे जिथे कुणी हे नाव लिहिलं होतं, तिथून त्यांनी ते जमवलं होतं. सुनावणी दोनदा पुढे ढकलली गेली. काका दोन्ही वेळा इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि दोन्ही वेळा परत येताना काकूंसाठी जिलेबी घेऊन आले.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी जेवून ते जरा आडवे झाले, ते उठले नाहीत. काकूंनी सांगितलं, "त्या दिवशी वांग्याचं भरीत केलं होतं. म्हणाले, छान झालं. मी म्हटलं, आज काय झालं यांना?"

मागच्या आठवड्यात सुनावणीचं तिसरं पत्र आलं. काकांच्या नावाने, 'समक्ष हजर राहावे' म्हणून. पत्त्यात कोसमटोला नाही, कॉलनीचं नाव आणि 'विस्तार' आहे. पोस्टमनने ते तरीही बरोबर काकूंच्या हातात दिलं.

येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता वॉर्डाच्या कार्यालयात सुनावणी आहे. काकू येणार आहेत, बडी अम्माला आम्ही ऑटोने आणणार आहोत. तुम्ही कोसमटोल्याचे नसाल, शहरातल्या मदन महलचे किंवा आणखी कुठले असाल, तरी या. सुनावणी सगळ्यांना खुली आहे. कार्यालयातला बाबू हजेरीचा कागद पुढे करेल. त्यावर काकांच्या नावापुढे तो 'मृत' लिहील. त्याच्या खालची ओळ रिकामी असेल. तिथे तुमची सही करा.