टेंभा कुणी मिरवला?

जव्हारच्या शाळेत मी मास्तर होतो, तेव्हा बढाईखोरांसाठी माझा आवडता वाक्प्रचार एकच होता, टेंभा मिरवणे. काठीच्या टोकाला चिंध्या गुंडाळायच्या, तेलात भिजवून पेटवायच्या, की झाला टेंभा. जव्हार संस्थानात तेव्हा दिवे थोडे, त्यामुळे मिरवणूक म्हटली की टेंभे आलेच. पोरांना मी ठासून सांगायचो, ज्याच्या हातात टेंभा त्याच्यावर उजेड, म्हणून तो छाती काढून चालतो, आणि त्यावरून हा शब्दप्रयोग आला. खरं-खोटं मला तरी कुठे ठाऊक होतं! दडपून सांगायची सवय, दुसरं काय.

मार्गशीर्षात माझ्या धाकट्या भावाचं लग्न झालं. वरात चार टेंभ्यांत सहज निघाली असती. पण शेजाऱ्यांच्या वरातीत आठ होते, म्हणून मी बारा मागवले. धरायला वावर गावाकडची माणसं बोलावली. मोबदला म्हणजे एक वेळचं जेवण. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, मलाही वाटलं नाही.

दिवेलागणीला वरात निघाली. माणसं टेंभे पुढे कलते धरून चालत होती. मला ते ढिलं वाटलं. बाजारपेठ जवळ आली तसा मी ओरडलो, "सरळ धरा, उंच! लोकांना दिसू दे."

सर्वांत पुढे चाळिशीचा एक माणूस होता. तो दबकत म्हणाला, "मास्तर, कलताच धरावा लागतो. नाय तं तेल हातावं येतं."

"आता तू मला शिकवणार?"

त्याने मुकाट्याने टेंभा डोक्यावर सरळ धरला. तेलाची बुधली घेतलेला एक जण फिरून फिरून टेंभ्यांवर तेल घालत होता. माझं लक्ष दुकानांच्या पायऱ्यांवर, किती जण बघताहेत ते मोजण्यात. मध्येच तो पुढचा टेंभेवाला मागे पडला, तेव्हा मी त्याच्यावर खेकसलोही.

वरात दारात आली. नवरी माप ओलांडून आत गेली, मगच त्याने टेंभा खाली ठेवला आणि मटकन बसला. बोटांपासून कोपरापर्यंत त्याची कातडी सुटली होती. मी हादरलो. जळतं तेल काठीवरून त्याच्या हातावर उतरत होतं आणि अख्खी बाजारपेठ संपेपर्यंत हा माणूस ओरडला नव्हता! वैद्य आले, कोरफडीचा गर लावला, घरात पंगती बसल्या. मी पानावरून उठलो. शाळेत शिकवलेला माझा अर्थ साफ खोटा होता. टेंभा धरणारा मिरवत नाही, त्याच्या मागून चालणारा मिरवतो. आणि तो मीच होतो.

आठवड्याने मी त्याला बघायला वावरला गेलो. खळ्यावर भात येऊन पडलं होतं आणि त्याची बायको एकटीच झोडत होती. तो बाजूला बसलेला, हात केळीच्या पानात गुंडाळलेला. बोटं मिटत नव्हती. वर्षाचं पोटाला लागणारं भात समोर, आणि झोडायला एकटी बाई. मला राहवेना. मी एक पेंढी उचलली आणि फळीवर आपटू लागलो. चौथ्या पेंढीला तिने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"ऱ्हाऊ द्या मास्तर, दाणं उडून चाललं."

मी त्याच्यापाशी जाऊन बसलो. लाज वाटत होती आणि का कोण जाणे, रागही त्याचाच येत होता.

"अरे, एवढं भाजत होतं तर फेकून का नाही दिलास?"

त्याला नवल वाटलं. तो म्हणाला, "वरातीत टेंभा पडला तं नव्या नवरीला अपशकुन लागतो. समदी तिलाच बोलली असती. तिचा काय गुन्हा, मास्तर?"