बाबांचं रेडिओ लायसन्स

मंडळी, आज गुरुग्रामच्या पोस्टात बाबांनी माझी पंचाईत केली. रेडिओ लायसन्सचं जुनं पुस्तक काउंटरवर ठेवून विचारलं, "बेटा, इसकी फीस अब कहाँ भरें?" पूर्वी घरात रेडिओ असला की ही फी पोस्टात भरावीच लागायची.

काउंटरवरची मुलगी हसली. "अंकल, ये तो कब का बंद हो गया!"

गाडीत बाबा म्हणाले, ही फी सगळ्यांना सक्तीची होती तेच बरं होतं. मी चिडले. "बाबा, ज्याला ऐकायचंय त्याने भरावं. सक्ती कशाला?"

"अगं, मग तेव्हा आपण दिल्लीत राहायचो, तिथे मराठी बातम्यांसाठी कितीजणांनी भरलं असतं? सगळ्यांची फी एकाच तिजोरीत जायची; शेजारचे शर्माजी भरायचे, म्हणून आपण ऐकायचो. मी मला न कळणाऱ्या तमिळ बातम्यांसाठी भरतच होतो की!"

तेवढ्यात बाबांच्या फोनवर मराठी बातम्या लागल्या. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं.

शर्माजींना मराठीचं अक्षरही कळत नव्हतं. खरं सांगा, न कळणाऱ्या भाषेतल्या बातम्यांसाठी तुम्ही भराल?