जांभईवर भरोसा

भरोसा कुणावर ठेवायचा, सांगा पाहू? शिकलेल्यावर, की झोप आलेल्यावर? आमच्या फादरांनी दुसऱ्याला निवडलं. ग्रीक-लॅटिन कोळून प्यालेला माणूस, पण दुपारी माझ्या पंचवटीतल्या भुसाराच्या दुकानात, तांदळाच्या पोत्यावर बसायचा. त्यांचे किस्से इतके साठलेत की सांगताना आता माझाच घसा दमतो.

*

फादर एक जुनं ग्रीक काव्य मराठीत आणत होते. काचबिंदूनं नजर चालली होती. ती जायच्या आत पुरं करायचं होतं. प्राध्यापक मंडळी वाचून "अप्रतिम" म्हणायची, त्याला फादर कंटाळले. एक दिवस पानं घेऊन दुकानात आले आणि आमच्या हमालाला, हरसूलच्या काशिनाथला, वाचून दाखवलं. त्यानं ऐसपैस जांभई दिली. फादरांनी पान तिथंच फाडलं.

मी म्हटलं, अशानं डोळे पुरायचे नाहीत.

"प्राध्यापक जांभई दाबतात, शेठ. हा दाबत नाही."

तेव्हापासून वाचन जेवणानंतरच. जांभई आली की पान बाद.

*

एकदा लढाईचं पान होतं. एक वीर दुसऱ्याला मारण्याआधी लांबलचक भाषण करतो. चांदवडचं एक गिऱ्हाईक म्हणालं, "फादर, ह्याचं बोलणं होईस्तवर समोरचा घरी पोचंल की."

फादर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी भाषण निम्मं झालं होतं. म्हणाले, लांबण कवीची नव्हती, माझी होती.

*

मेजवानीच्या पानाला दिंडोरीचे एक द्राक्षबागाईतदार हजर होते. ग्रीक लोक वाईनमध्ये पाणी घालतात, हे ऐकून ते ताठ बसले.

"पाणी घालत्यात? अन् वर राजे म्हणवत्यात?"

त्या पानाला जांभई आली नाही. तेवढंच एक पहिल्या झटक्यात पास झालं.

*

फादरांच्या वरिष्ठांनी एकदा विचारलं, या वयात एवढी दगदग कुणासाठी? देवासाठी तरी आहे का?

"देवाला ग्रीक येतं," फादर म्हणाले. "काशिनाथला येत नाही."

*

आता फादरांना दिसत नाही. ग्रीक त्यांना पाठ आहे. ते मराठी सांगतात, मी लिहून घेतो आणि मीच वाचून दाखवतो. शेवटची थोडी पानं राहिलीत.

परवा मी वाचत होतो. काशिनाथनं तोंडावर हात धरून, अगदी आवाज न करता जांभई दिली. फादरांनी विचारलं, "आली का कुणाला?"

मी म्हटलं, नाही. काशिनाथही मान हलवून नाही म्हणाला.

 फादर काठी चाचपत उठले.

"शेठ, काशिनाथ दमलाय, तुम्ही दमलात, मीही दमलोय. पण जांभयांचा हिशोब तेवढा खरा ठेवा."