आमच्या सडकेचा हायवे झाला

सरकारी पाटीवर हिंदीत राजमार्ग लिहिलंय, नागपूरहून येणाऱ्या पेपरात महामार्ग असतो, पण आमच्या घरी हे शब्द कधी कोणी तोंडातून काढले नाहीत. रायपूरचे आम्ही मराठी लोक तिला नुसतं सडक म्हणायचो. सडकेपलीकडे जाऊन येते, असं सांगून आई पायात चपला सरकवायची आणि निघायची. पलीकडे मावशी राहायची. सख्खी नव्हे, तात्यापारा मोहल्ल्यातली आईची मैत्रीण. दोघींच्या नवऱ्यांनी भिलाईच्या वाटेवर समोरासमोर प्लॉट घेतले, मधे सडक. वाटीभर साखर संपली तरी आई ट्रकवाल्यांना हात दाखवत पलीकडे जायची.

मग रुंदीकरण झालं. मधोमध कठडा, त्यावर लोखंडी जाळी. हायवे हा शब्द आमच्या घरात तेव्हा आला, आणि तो आणला मीच. एकदा आई जाळीच्या तुटक्या जागेतून अंग चोरून पलीकडे जाताना दिसली आणि माझं डोकंच फिरलं. भर दारात ओरडलो तिच्यावर. ही आता सडक नाही, हायवे आहे, हायवेवर पायी हिंडत नसतात, मरायचं आहे का? सत्तरीच्या बाईशी कोणी असं बोलतं? पण बोललो. वर मोठा शहाणा, दर रविवारी गाडीनं नेईन असं कबूलही केलं.

समोरचं घर, पण गाडीनं जायचं तर दोन किलोमीटर पुढे जाऊन वळसा घ्यायचा आणि तेवढंच मागे यायचं. दोन-तीन रविवार नेलं. पुढे कधी मॅच, कधी पाठ दुखायची, कधी नुसता कंटाळा. आई शनिवारी संध्याकाळी आठवण करून द्यायची, मग तिनं तेही सोडलं. मावशीचे गुडघे गेलेले, कानानं कमी ऐकू यायचं, त्यामुळे फोनचाही उपयोग नव्हता. एकदा शेजारीण विचारत होती तर आई म्हणाली की हायवे आहे न मधे, जाणं होत नाही. खोटं कशाला बोलू, ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी मावशी गेल्याचा फोन आला. न्यायची तयारी चालली होती, लवकर या म्हणाले. मी लगेच गाडी काढली. वळणावर ट्रकांची ही रांग. आई मांडीवर हात ठेवून बसली होती. पोचलो तोवर नेलं होतं.

मावशीची सून आम्हाला वर गॅलरीत घेऊन गेली. तिथे प्लॅस्टिकची खुर्ची होती आणि समोर आमचं घर. दार, तुळस, दाराशी गाडी उभी करायची जागा, सगळं स्वच्छ दिसत होतं. रविवारी मावशी सकाळपासून इथेच बसायची, जेवायलाही उठायची नाही, असं सून सांगू लागली. मराठी तिला कळतं, पण बोलते हिंदीच. रागानं नाही, सहज म्हणाली, "मम्मी कहती थीं, गाड़ी तो खड़ी है, अभी आते होंगे."

माझे कान तापले. आईनं समोर आमच्या दाराकडे पाहिलं. मग खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मले पायी येऊ द्यायचं होतं रे."