पाच मिनटं बस आधी

"पाच मिनटं बस आधी. मग मोजू."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता कुठल्याही दवाखान्यात बीपीचं मशीन दिसलं की माझे डोळे आपोआप खुर्ची शोधतात. काकांचं वाक्य होतं ते. कोणी घाईत आलेलं असो, बाहेर गाडी चालू ठेवून आलेलं असो, काका दंडाला पट्टा लावायचेच नाहीत. आधी त्याला खुर्चीत बसवायचे. स्वतः समोर बसायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि असं बघत राहायचे जसं काही समोरच्याच्या कपाळावर मीटर बसवलाय.

मीटर बघण्यातच जन्म गेलता त्यांचा. आमच्या परळीच्या थर्मलला, म्हणजे वीज केंद्रात, ते कंट्रोल रूममध्ये होते. "काटा थरथरत असला की रीडिंग घ्यायचं नसतंय," म्हणायचे. "काटा थांबू द्यायचा. माणसाचं बी तसंच हाय."

आता मी कोण ते सांगतो, नाहीतर राहून जाईल. मी स्टेशनजवळ एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो. वाढदिवस, निवड, निरोप, श्रद्धांजली, सगळं. परळीत कोणाचं काय चाललंय ते आधी माझ्या स्क्रीनवर येतं, मग चौकात लागतं. काका गावातल्या एका सेवा क्लबचे मेंबर होते आणि क्लबचे फ्लेक्स करून घ्यायचं काम त्यांच्याकडं होतं. अशी आमची ओळख.

काका यायचे आणि माझ्या मागं स्टूलवर बसायचे. "डिझाइनर, तो निळा जरा जास्तच निळा झालाय का रे?"

"काका, ते परवाच छापून लागलंय चौकात."

"हां हां, ते मला दिसलं. म्हटलं, पुढच्या टायमाला..."

असा माणूस तुम्ही पण बघितला असेल. काम संपलेलं असतं पण पिशवी काही उचलली जात नाही. काकू जाऊन तीन वर्षं झालती. पोरगा पुण्याला. घरी टीव्ही सकाळी लावला की झोपेपर्यंत चालू. "टीव्ही बोलतो, मी ऐकतो," काका सांगायचे. "माझं मात्र तो ऐकत न्हाई, लई शिष्ट हाय." मी हसायचो. काम पडलेलं असायचं म्हणून हसता हसता माऊस हलवत राहायचो.

तर क्लबचं असं होतं, की फोटो निघाला म्हणजे कार्यक्रम झाला. वरच्या ऑफिसला रिपोर्ट पाठवावा लागतो ना. झाड लावलं, फोटो. वह्या वाटल्या, फोटो. अध्यक्षांचं टाइल्सचं दुकान आहे. माणूस चांगलाय, पण कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच विचारतो, "फोटो झाला का?" आणि या सगळ्या फोटोंमध्ये काका कुठंच नसायचे. बॅनर पकडून ठेवायला मागं कोणीतरी लागतं ना? फ्लेक्सच्या वरच्या कोपऱ्यात चार बोटं दिसतात बघा, ती काकांची.

एका मीटिंगला काका उभे राहिले. "आपण डोळे तपासले, दात तपासले, रक्त घेतलं. माणूस घरात एकटा बसून काय विचार करतो, ते कोणी तपासत न्हाई. त्याचं शिबिर घेऊ."

अध्यक्ष खूश. "लई भारी विषय, काका! फोटोला बी नवीन हाय."

आता इथं माझी चूक सांगायला पाहिजे, कारण फ्लेक्स मी केलता. वीस फुटी. 'भव्य मोफत मानसिक आरोग्य तपासणी शिबिर', खाली अठरा पदाधिकाऱ्यांचे फोटो, आणि मधोमध मी नेटवरून घेऊन एक डोकं टाकलं, तडकलेलं, आतून उजेड येणारं. मला लई आवडलतं ते. चौकात लावलं तर एक रिक्षावाला वर बघून म्हणाला, "कोणाचं डोकं फुटलं बे?"

शिबिराच्या दिवशी अंबाजोगाईहून डॉक्टर मॅडम वेळेवर आल्या. हॉलमध्ये पन्नास खुर्च्या मांडलेल्या. आणि माणूस एक नाही! दारात पण तसाच फ्लेक्स, त्याच्याखालून आत कोण जाणार? अख्खी परळी बघणार, उद्या म्हणणार हा येडा झालाय. लोक हॉल आला की रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. एक आजोबा आत आले, विचारलं, "इथं डोळे तपासतेत ना?" नाही म्हटल्यावर चप्पल घालायला पण थांबले नाहीत, हातात घेऊन गेले.

दीड तास मॅडम नुसत्या बसून. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "काका, तुमीच बसा बरं पेशंट म्हणून. रिपोर्टला फोटो तर लागंल."

काका बसले. मी दोन फोटो काढले. मग आम्ही सगळे बाहेर भजी खायला गेलो. भजी झाली, चहा झाला, काका आतच. अर्धा तास, पाऊण तास. "काकानं मॅडमला धरलं बे!" कोणीतरी म्हणालं आणि आम्ही पोट धरून हसलो. मी दारातून मोबाइल आत करून गमतीत अजून एक फोटो काढला आणि क्लबच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'काका सोडेनात'. हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. सगळ्यात शेवटी काकांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं.

दुसऱ्या दिवशी काका दुकानात. मला वाटलं चिडले असतील. तर म्हणतात, "डिझाइनर, फ्लेक्स नको. साध्या कागदावर लिही, 'दर रविवारी बीपी मोजून मिळेल'. बास."

"आणि ते मनाचं?"

"बीपी मोजायच्या आधी पाच मिनटं शांत बसावं लागतं. मॅडमला विचारून घेतलंय मी. त्या पाच मिनटात होतंय ते."

"फोटो?"

"फोटो न्हाई."

अध्यक्ष कसे तयार झाले कोण जाणे, पण झाले. त्याच हॉलमध्ये काकांनी स्वतःचं काट्याचं मशीन आणलं. कॉलेजच्या पोरांना धरून मॅडमकडून मोजायला शिकवलं. नियम एकच, म्हाताऱ्यांचं पोरांनी मोजायचं आणि पोरांचं म्हाताऱ्यांनी. आणि कोणाच्या मनातला घोळ मोठा वाटला तर गुपचूप मॅडमचा नंबर द्यायचा, हॉलमध्ये चर्चा नाही.

लोक यायला लागले! खरंच! बीपीला कोण लाजतंय? एक आजी तर प्रत्येक रविवारी, इरकली लुगडं नेसून. त्यांचं बीपी माझ्यापेक्षा चांगलं. बारावीची एक पोरगी त्यांचं मोजायची. पाच मिनिटांत आजी तिला विचारायच्या, "कावून सुकलीस गं? पेपर अवघड हायेत का?" आणि ती पोरगी, जी घरी कोणाशी बोलत नव्हती म्हणे, ती आजीला सगळं सांगायची. आजीला फिजिक्स काय कळणार? पण मान अशी हलवायच्या जसं काही पेपर त्यांनीच काढलाय.

आणि माझं सांगतो. मी धर्मापुरीचा. घरी शेळ्या-मेंढ्या. इंजिनिअरिंग अर्धं सोडून मी फ्लेक्सच्या दुकानात बसलो तेव्हापासून आमचे बापू, म्हणजे वडील, माझ्याशी बोलत नव्हते. दोन वर्षं. गावी गेलो तरी आईला म्हणायचे, "त्याला सांग, भाकरी खाऊन घे." मी तिथंच समोर!

हे मी काकांना त्या पाच मिनिटांत कधीतरी बोलून गेलतो. त्यांनी सल्ला दिला नाही. "हं," एवढंच म्हणाले. मग एका रविवारी मी हॉलवर गेलो तर खुर्चीत बापू! कामासाठी परळीत आलते, काकांनी कुठून गाठलं देव जाणे.

"डिझाइनर, यांचं मोज," काका म्हणाले आणि उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. खिडकीच्या गजांवर थर्मलची राख बसलेली असते आमच्याकडं, ती बोटानं पुसत बसले.

पाच मिनटं. मी बापूंसमोर. बापू पंख्याकडं बघतेत, मी मशीनकडं. वेळ संपली, मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधायला लागलो. माझा हात लागला तसे बापू म्हणाले, "लई गार हात हाय रे तुझा. जेवला का न्हाई?"

मला काटाच दिसेना. काका खिडकीपासूनच म्हणाले, "थांब की. काटा थांबू दे."

वर्षभर चाललं असं. आणि या वर्षभरात काका स्वतः कधी मोजून घ्यायच्या खुर्चीत बसले नाहीत. हे आम्हाला कोणालाच दिसलं नाही. एकदा फक्त त्या इरकलीवाल्या आजींनी विचारलं, "सगळ्यांचं मोजतूस, तुझं कोण मोजतं रं?"

"माझा काटा आता जाग्यावरच थांबलाय, मावशी."

सगळे हसले. मीच मोठ्यानं हसलो असणार, मला माझा आवाज माहितीय.

दिवाळीनंतर पोरगा आला. चांगला वाटला. म्हणाला, बाबांना इथं एकटं ठेवणं बरं नाही. चार दिवसांत घराला कुलूप. काका मशीन घेऊन दुकानात आले, माझ्या टेबलावर ठेवलं. "रबराच्या नळीला चीर पडायलीय, बदलून घे." नेहमीसारखं स्टूलवर बसले. मी निवडणुकीच्या कामात होतो. तासभर बसून होते. जाताना म्हणाले, "लाल जरा भडक वाटतोय." मी स्क्रीनवरची नजर न काढता "बघतो काका" म्हणालो.

काका पुण्याला गेले आणि अध्यक्षांचा फोन आला. "काकांचा एक आभाराचा फ्लेक्स कर. फोटो मोठा घे."

मी फोटो शोधायला बसलो. वर्षानुवर्षांचे फोटो आहेत माझ्याकडं. काका? बोटं. एका ठिकाणी कोपर. एका ठिकाणी पाठ. एवढ्या सगळ्यात तोंड दिसणारे फोटो फक्त त्या शिबिरातले. पहिल्या दोन फोटोंत काका मॅडमसमोर बसून कॅमेऱ्याकडं बघतायत, ओढूनताणून हसत. तिसरा मी दारातून काढलेला.

तो मी आजवर मोबाइलवर बघितलता, अंगठ्याएवढा. आता मोठ्या स्क्रीनवर मागचं कापायला झूम केला. काकांचा चष्मा टेबलावर काढून ठेवलेला. एक हात डोळ्यांवर. मॅडमनी स्वतःची पाण्याची बाटली त्यांच्याकडं सरकवलेली. आणि काकांच्या दुसऱ्या हातात एक कागद, चार घड्या पडलेला, त्यावर एकाखाली एक ओळी. त्यांचं ते थर्मलचं अक्षर, रीडिंग लिहिल्यासारखं.

म्हणजे मॅडमना काय सांगायचं ते काकांनी लिहून आणलतं. घरूनच. अध्यक्षांनी "तुमीच बसा" म्हणायच्या आधीच खिशात होतं ते.

मी अजून झूम केला. अक्षरं फुटली. चौकोन चौकोन झाले नुसते.

फ्लेक्स मी केला नाही. अध्यक्षांना सांगितलं, फोटो बसत नाही. मग काकांना फोन लावला. आजवर मी त्यांना कधीच फोन केला नव्हता, नेहमी तेच यायचे.

"डिझाइनर? काय काम काढलंस?"

"काम न्हाई काका."

"फ्लेक्सचं काही अडलं का?"

"न्हाई. काहीच काम न्हाई."

पलीकडं टीव्ही चालू होता, बातम्या. मी म्हणालो, "काका, पाच मिनटं बसा आधी."

बातम्या चालूच होत्या. मग काका म्हणाले, "थांब. टीव्ही बंद करतो."

टीव्ही बंद झाला. एकदम शांत. आणि मग फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.