अव्वाला गाडी लागू नये म्हणून

अंबूबाईला गाडी लागायची. जत ते मिरज एवढ्या सरळ रस्त्यातही ती दोनदा खाली उतरायची, तोंडात लिंबाची फोड धरून. तिचा मुलगा बिराप्पा सतरा वर्षं लष्करात ट्रक दुरुस्त करून आला, मिरजेत त्यानं गॅरेज टाकलं, दुनियेच्या गाड्या बऱ्या केल्या. अव्वाच्या, म्हणजे आईच्या, या दुखण्यापुढे मात्र त्याचं काही चालेना.

आणि या माघात, चहा पिता पिता ती म्हणाली, "बिराप्पा, मेढ्याला जाऊन यायचं हाय मला. शकुंतलाबाईला बघायचंय."

बिराप्पा बघतच राहिला. मेढा म्हणजे सातारच्याही पुढं, डोंगरातलं. त्याच्या लहानपणी दिवाळी झाली की जतकडचं रान वाळायचं आणि ही धनगर माणसं मेंढरं घेऊन तिकडं चालत निघायची. घोड्यावर भांडी, घोंगडी, कोंबड्या आणि सगळ्यांच्या वर बिराप्पा. शकुंतलाबाईच्या भाताच्या खाचरात मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात ती तांदूळ द्यायची. एका साली अव्वा तापानं फणफणली, तर शकुंतलाबाईनं तिला आठ दिवस आपल्या घरात निजवलं होतं. तेव्हा बिराप्पा दहा वर्षांचा. पुढच्या वर्षी बापानं मेंढरं विकली आणि ती वाट सुटली.

"अव्वा, वळणं लय हायत गं. तुला सोसायचं न्हाई."

"चालत गेले की रं मी. गाडीत मरतीय व्हय?"

बिराप्पाची स्वतःची जुनी जीप वळणावर फार कलायची. लोकांच्या गाड्यांपुढं तिच्याकडं बघायला त्याला सवड नव्हती. त्या दिवशी मात्र त्यानं गॅरेजचं शटर अर्धं ओढलं आणि जीपखाली शिरला. दोन्ही चाकांना जोडणारा, वळणावर गाडीला एका अंगावर कलू न देणारा स्टॅबिलायझर बार डाव्या बाजूला तुटून लोंबत होता. त्याला धरून ठेवणारे रबरी बुश तर पार भुगा झालेले. एवढी वर्षं आपण आईला याच गाडीतून फिरवलं, हे त्याला फार लागलं.

सांगलीहून नवा बार आणि नवे बुश आणले. गंजलेला एक नट काही केल्या सुटेना. शेवटी करवतीनं कापला. नवा बार बसवून, गाडी जॅकवरून उतरवून चाकं जमिनीवर टेकल्यावरच त्यानं बुशचे बोल्ट पक्के आवळले. अधांतरी आवळले तर रबर पिळवटून लवकर फाटतं, हे त्याला लष्करातल्या उस्तादानं शिकवलं होतं. मग माळावर जाऊन त्यानं जीप मुद्दाम नागमोडी पळवली. कलणं बरंच कमी झालं होतं.

साताऱ्यापर्यंत अव्वा तोंडात लिंबाची फोड धरून बसली होती. घाट आला तसा बिराप्पा एक डोळा रस्त्यावर, एक तिच्यावर ठेवून चालवू लागला. चौथ्या वळणाला ती ओरडली, "थांबीव!"

त्यानं घाईनं पाण्याची बाटली काढली.

"पाणी नगं रं. मला काय बी झालं न्हाई. ही वाट मी बसून बघणार न्हाई." आणि लुगडं सावरत ती चालू लागली. बिराप्पा जीप पहिल्या गिअरात टाकून तिच्या मागं मागं. मागून हॉर्न वाजत होते. ती एका जुन्या, ओळखीच्या जांभळीपाशी थांबली, खोडावर हात ठेवून थोडी उभी राहिली, मग आपण होऊन गाडीत येऊन बसली.

मेढ्याच्या अलीकडं घर सापडलं. खाचरात आता स्ट्रॉबेरीचे वाफे होते. ओसरीवर शकुंतलाबाई बसलेली, पार वाकलेली, कानानं कमी. तिनं डोळ्यांवर हात आडवा धरून बराच वेळ पाहिलं.

"अंबू? मेंढरं किती आणलीस गं?"

"एक बी न्हाई, बाई. लेक तेवढा आणलाय."

दोघी एकमेकींचे हात धरून रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. घोड्यावर कोंबड्यांमध्ये बसणारा पोर तो हाच का, म्हणून शकुंतलाबाईनं बिराप्पाच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला आणि त्या सत्तावन्न वर्षांच्या माणसानं वाकून तिचे पाय धरले.

संध्याकाळी परतायचं ठरलं होतं. अव्वा चौथ्या दिवशी निघाली.