भोकाचं मडकं

वडील शनिवारी गेले. त्याआधीच्या रविवारी मी निर्मळ गावातल्या आमच्या घरातल्या टीव्हीला दुसरा स्पीकर जोडला होता. वडिलांना कमी ऐकू येऊ लागलं होतं आणि तयार स्पीकरची पेटी परवडणारी नव्हती. म्हणून सुटा स्पीकर आणून आगाशीच्या बाजारातल्या मडक्याच्या तोंडावर बसवला. वायरीसाठी मडकं भिजवून त्याला खाली भोक पाडलं. घरभर ओल्या मातीचा वास पसरला. आई दारातच थांबली. "भोकाचं मडकं घरात ठेवतात का रे? ते स्मशानात नेतात." वडील हसले. "राहू दे गो. आजवर तू सांगशील त्याच बातम्या खऱ्या मानल्या, आता माझ्या कानांनी ऐकतो." त्या संध्याकाळी मडक्यातून घुमणारा आवाज ऐकत ते बातम्या संपेपर्यंत ताठ बसून राहिले. शनिवारी त्यांचं हृदय अचानक बंद पडलं. स्मशानात काकांनी माझ्या खांद्यावरच्या मडक्याला दगडाने भोक पाडलं आणि पाणी माझ्या पाठीवरून वाहिलं. घरी आलो तेव्हा टीव्हीशेजारचं मडकं तिथे नव्हतं. आईने ते कुठे टाकलं, हे मी विचारलं नाही. ती पुढे वीस वर्षं जगली आणि त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. तिने मला दोष दिला होता का, हे मला अजून माहीत नाही.